टेबलावर वाकडा, अंगावर सरळ

टेपकाकूंना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. चाळीस वर्षं मापाची पिवळी टेप गळ्यात घालून वावरणाऱ्या बाईला लोकांनी दुसरं म्हणायचं तरी काय? दूध आणायला जाताना टेप, दवाखान्यात टेप, लेकीच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धा टेप. फोटोग्राफरनं दोनदा ती काढायला लावली आणि दोन्ही वेळा ती आपसूक परत गळ्यात गेली. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि अख्ख्या गल्लीच्या अंगांतला उंचसखलपणा त्यांना पाठ होता. कुणाचा एक खांदा उतरलेला, कुणाच्या कमरेची एक बाजू वर. काकू एका नजरेत ओळखत आणि तोंडातून अवाक्षर न काढता ते कापडात झाकून टाकत. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणे, "काय फिटिंग आहे!" काकू म्हणत, "अंगच छान आहे तुमचं." असलं गोड खोटं बोलण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

त्यांच्या नवऱ्याला सगळे पेंटर म्हणत, कारण आसपासच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या होत्या. चार वर्षांपूर्वी एका सकाळी ब्रश धुता धुता त्यांच्या हातातून डबा पडला आणि डब्यामागोमाग ते स्वतः पडले. जीव वाचला. बोलणं महिन्याभरात परत आलं, पाय ओढत का होईना ते चालू लागले. उजवा हात मात्र कायमचा रुसला. कोपरात दुमडलेला, मूठ छातीला चिकटलेली, खांदा दोन बोटं खाली.

पेंटर रडले ते ब्रश सुटला म्हणून नाही. रडले ते शर्टामुळे. रोज सकाळी काकू त्यांना लहान मुलासारखा शर्ट चढवत, आधी दुखरा हात, मग पाठीमागून ओढून दुसरा, मग बटणं. तेवढा वेळ पेंटर भिंतीकडे बघत उभे राहत. एके दिवशी ते भिंतीशीच बोलले. "साठ वर्षांच्या माणसाला बायकोनं कपडे घालायचे. शोभतं का?"

काकू उठल्या. त्यांनी कापड काढलं.

वर्षभरात त्यांनी अकरा शर्ट बेतले. दहा फुकट गेले. अकराव्यात बाही जोडायचा उजवा मुंढा चार बोटं खोल होता, उजवी बाही रुंद आणि पुढच्या अंगाला वळवून लावलेली, उजवा खांदा उतरता, पाठीला त्याच बाजूनं एक मोठी चुणी. बटणपट्टी मध्यावर नव्हती, डाव्या हाताला दाबायला सोपी जाईल अशी सरकवलेली होती आणि तिच्यावर काजांऐवजी सात टिचबटणं. टेबलावर पसरला तर शर्ट इतका वाकडा दिसे की नवशिक्यालाही हसू यावं. अंगात घातला की सरळ. खालचा खांदा, दुमडलेलं कोपर, काही दिसायचं नाही.

त्या दिवशी पेंटर शर्ट घेऊन आतल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लावून कडी घातली. काकू बाहेर उभ्या. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. मग आतून आवाज आला, टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. काकूंनी बोटांवर मोजले. सात झाले, कडी निघाली आणि पेंटर बाहेर आले ते थेट रस्त्यावर, कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. बायकोला एवढंच म्हणाले, "कॉलर जरा कडक आहे." काकूंचं आयुष्यात एवढं कौतुक कुणी केलं नव्हतं.

तेव्हापासून रोज कडी लागायची आणि रोज सात टिचक्या वाजायच्या. काकू चहा गाळता गाळता मोजत.

मग काकूंच्याच हातांनी दगा दिला. आधी बोटांना मुंग्या, मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर. सुई हातातून पडायची आणि पडल्याचं कळायचंही नाही. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधला आणि म्हणाले, "शिलाई आता पुरे." डॉक्टरांचं काय जातंय बोलायला! पेंटरांचे तेव्हा चारच शर्ट होते. बघता बघता दोन विरले, एकाच्या पाठीची चुणी फाटली. उरला एक निळा, त्याच्याही कोपराला ठिगळ.

आणि पेंटर एकटे थोडेच होते? ते आठवड्यातून दोनदा ज्या व्यायाम केंद्रात जात, तिथे उजवी बाजू गेलेली बरीच माणसं होती. त्यांनी शर्ट हेरला होता. बावन्न जणांची यादी काकूंच्या वहीत होती. तेव्हा लेकीनं सुचवलं, "आई, कारखान्यातून करून घेऊ. एकदा पॅटर्न त्यांच्याकडे गेला की तुझ्या हातावर काही राहणार नाही. कधीही सांगा, कधीही शिवून मिळेल."

काकूंच्या मनात आलं ते त्या बोलल्या नाहीत. आपल्यामागेही मिळेल, हे ते.

पट्टा बांधलेल्या हातानं त्यांनी खाकी कागदावर पॅटर्न कापला. दीड महिना लागला. दिवसातून दोन रेघा ओढायच्या, अर्धी कड कापायची, की बोटं संपली. प्रत्येक तुकड्यावर त्यांनी लिहिलं, 'हे असंच ठेवा.' कागदाचं पाकीट बांधून झाल्यावर त्यांनी कात्री तेल लावून डब्यात ठेवून दिली. पुन्हा एवढं काम आपल्याच्यानं होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

निघताना पेंटरांनी बजावलं, "माझं गाऱ्हाणं गावभर सांगत बसू नकोस. शर्ट हवाय, एवढं बोल."

"बरं," काकू म्हणाल्या. झाकण्याचं काम त्यांना नवीन नव्हतं.

पहिला कारखाना काचेचा होता. आत गारवा, आणि टाय लावलेले साहेब. त्यांनी विचारलं, "तुमचा ब्रँड कोणता?" काकू म्हणाल्या, "आमचे हे." लेकीनं पायावर पाय दिला. साहेबांनी कागदांचे फोटो काढले, आठ दिवसांत सँपल पाठवलं. दोन्ही बाजू सारख्या. लेकीनं फोन केला तर म्हणाले, संगणकात अर्धाच शर्ट काढायचा असतो, दुसरी बाजू तो आपोआप देतो. काकूंनी ते सँपल पायपुसणीलासुद्धा घेतलं नाही.

दुसरा कारखाना म्हणजे एका गोदामात बारा मशिनं. मालक प्रत्येक वाक्याला "होऊन जाईल" म्हणायचा. झालं ते असं की दोन्ही बाह्या रुंद आल्या. "एक मोठी केली," मालक म्हणाला, "मग दुसरीनं काय घोडं मारलंय?"

काकू रस्त्यावर आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "मला यंत्र नको आणि हा होयबाही नको. कात्री धरलेला माणूस शोध. कापडाकडे बघून ज्याला कळतं असा."

तिसरा कारखाना तसा सापडला. जुनी दुमजली इमारत, जिन्याला मशीनच्या तेलाचा वास, खाली शिवणाऱ्यांची लांब रांग, वर कटिंगचं टेबल आणि बाजूला सँपलची छोटी खोली. कटिंग मास्तर काकूंच्याच वयाचे, कानामागे खडू. त्यांनी काकूंच्या गळ्यातली टेप पाहिली आणि खुर्ची पुढे केली. "किती वर्षं?"

"चाळीस."

"माझी बेचाळीस," मास्तर म्हणाले, आणि दोघं असे हसले की लेकीला आपण उगाच मध्ये उभ्या आहोत असं वाटलं. मास्तरांनी टेबलावरचं एक कापड बोटांनी चाचपलं, त्यातली धाग्याची एक चूक नखानं दाखवली आणि मदतनिसाला न ओरडता ते बाजूला ठेवून दिलं. काकूंना माणूस तिथेच पटला. हा आपल्या जातकुळीतला, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि ते सोळा आणे खरं होतं.

"हा शर्ट थोडा वेगळा आहे," त्या म्हणाल्या. "कागदावर आहे तसाच हवा."

"काळजीच सोडा, ताई."

सँपल शिवलं सँपलच्या खोलीतल्या बाईनं. काकू शेजारी स्टूल घेऊन बसल्या. बाईनं उजवा मुंढा हातात धरला, तो खाली वर केला आणि हळूच विचारलं, "कुणासाठी आहे हो?" का कोण जाणे, काकूंना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, कडीसुद्धा, टिचक्यासुद्धा. मग म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस हं. त्यांना आवडत नाही. शपथ आहे तुला."

"नाही बोलणार," बाई म्हणाली.

सँपल घरी आलं. दार लागलं, कडी लागली, सात टिचक्या झाल्या. पेंटर बाहेर आले आणि म्हणाले, "कॉलरसुद्धा नीट केलीय कारखान्यानं." लेकीनं दुसऱ्याच दिवशी सँपल परत नेऊन दिलं, त्याला 'मंजूर' अशी चिठ्ठी लागली आणि कटिंगच्या टेबलासमोरच्या खिळ्यावर ते अडकवलं गेलं. कमीत कमी एकशे वीस शर्ट घ्यावे लागणार होते. "घेऊ," काकू म्हणाल्या. "बावन्न त्यांचे. बाकीचे ह्यांना जन्मभर पुरतील." केंद्रात सगळ्यांना तारीख सांगून झाली. एका गृहस्थांनी म्हणे आरशासमोर एका हातानं टिचबटणं दाबण्याची तालीमही सुरू केली.

शर्ट शनिवारी दुपारी आले. तीन मोठी खोकी, प्रत्येक शर्ट इस्त्री करून पिशवीत. काकूंनी पहिला काढला आणि टेबलावर पसरला.

शर्ट सरळ होता.

त्यांनी दुसरा काढला. दुसऱ्या खोक्यातला काढला, तिसऱ्यातला काढला. शिलाई अशी की नाव ठेवायला जागा नाही. दोन्ही खांदे एका रेषेत, दोन्ही मुंढे सारखे, पट्टी बरोब्बर मध्यावर, पाठीवर सुरकुती नाही. इतकं देखणं काम काकूंनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. लेकीला फोन करून त्यांनी एवढंच सांगितलं, "ये. कारखान्यात जायचंय."

मास्तर त्यांना बघून उठूनच उभे राहिले. "पसंत पडला ना माल?"

काकूंनी पिशवीतला शर्ट टेबलावर ठेवला. "मास्तर, हा माझा शर्ट नाही."

मास्तरांनी लेकीकडे बघितलं, मग आवाज खाली आणला. "ताई, रागावू नका, एक सांगतो. तुमच्या कागदात उजवी बाजू हललेली होती. वयानं होतं तसं. माझीही कात्री हल्ली घसरते. पण डावी बाजू काय सुरेख कापली होती तुम्ही! मी तीच धरली आणि तिची जोडी काढली. कुणापाशी बोललो नाही हं. म्हटलं, एवढ्या जुन्या कारागीर बाई, त्यांची चूक चारचौघांत कशाला दाखवायची?"

हे वाक्य काकूंना ओळखीचं होतं. चाळीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. वाकडं दिसलं की न बोलता सरळ करायचं आणि समोरच्याला कळूही द्यायचं नाही. मास्तरांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही हेच केलं असतं, आणि वर घरी जाऊन समाधानानं जेवल्या असत्या.

"अहो, पण त्यावर लिहिलं होतं," लेक म्हणाली. "असंच ठेवा म्हणून. आणि सँपल समोर टांगलं होतं!"

"कागदावरून पुठ्ठ्यावर उतरवून घेतो आम्ही. कागद तेव्हाच टाकला. आणि लिहिलं होतं, पण आता चूक कुणी मुद्दाम ठेवायला सांगतं का?" मास्तरांनी खिळ्यावरचं सँपल काढून पुढे धरलं. "हे शिवताना पोरीकडून वाकडं गेलं होतं. तपासणीला सँपल मालाशी जुळायला हवं, म्हणून तेही सरळ करून घेतलं."

काकूंनी सँपल हातात घेतलं. मुंढा वर चढवलेला होता, बाहीचं जादा कापड कापून टाकलेलं होतं. आधीच्या शिलाईची भोकं कापडात अजून दिसत होती, चार बोटं खाली, बारीक टिंबांची ओळ.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "शर्ट एका हातानं घालायचा आहे. माझ्या नवऱ्याचा उजवा हात गेलाय. हा वाकडेपणा नव्हता. हे त्यांचं माप होतं."

मास्तरांनी कानामागचा खडू काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत कानामागे ठेवला. खालून मशिनांचा आवाज येत होता. "ताई," ते अगदी हळू म्हणाले, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

सँपलच्या खोलीच्या दारात ती बाई उभी होती. तिचे डोळे भरले होते. "मला माहीत होतं, काकू. मीच उसवून सरळ केलं ते सँपल. मास्तर म्हणाले, तुझ्याकडून वाकडं गेलंय. मी काय सांगणार? तुम्ही शपथ घातली होती ना."

कुणावर ओरडावं हेच काकूंना कळेना. ओरडायला एखादा लबाड तरी हवा होता.

मास्तर म्हणाले, "कागद पुन्हा कापून आणा. मी सुटीच्या दिवशी येऊन स्वतः बेततो. एक रेघ हलवणार नाही." ते मनापासून बोलत होते. काकूंनी मान डोलावली आणि पट्ट्यातला हात पदराआड लपवावा तसा पिशवीमागे घेतला.

घरी आल्यावर त्यांनी पेंटरांना सगळं सांगितलं. झाकलं नाही. पेंटरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मीच गप्प राहायला सांगितलं होतं, नाही का?"

"मी तरी कुठे बोलले?" काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी केंद्रात जायचं होतं. बावन्न जणांना सांगायचं होतं. पण त्याआधी, उजाडताच, काकूंनी शेवटचा निळा शर्ट टेबलावर घेतला. तो उसवला तर तुकडे सुटे होतील, तुकड्यांवरून कागद उतरवता येईल, दुसरा मार्ग नव्हता. त्यांनी मुंढ्याची शिलाई उसवायला घेतली. चार टाके निघाले. पाचव्याला उसवायचं टोकदार हत्यार बोटांतून निसटलं, कळायच्या आत कापडात घुसलं आणि कापड खांद्यापासून वीतभर फाटलं. धुऊन धुऊन कापड इतकं झिजलं होतं की फाटल्याचा आवाजही झाला नाही. मापही आता जुनं कुठे राहिलं होतं? इथे ठिगळ, तिथे आवळलेलं, बाही ताणून लांबलेली. काकू पुन्हा हत्यार उचलायला गेल्या. ते टेबलाखाली गेलं होतं.

पेंटर मागे उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी फाटलेला निळा शर्ट बघितला, बायकोचा हात बघितला. मग पाय ओढत खोक्यापाशी गेले, डाव्या हातानं वरची पिशवी उचलली, दातानं फोडली.

"अहो, तो नाही येणार तुम्हाला."

"बघतो की. एवढा देखणा शिवलाय माणसानं."

ते आतल्या खोलीत गेले. काकूंनी सवयीनं चहाचं भांडं हातात घेतलं आणि कान दिला. कडीचा आवाज आला नाही. त्या थांबल्या. दार लागल्याचाही आवाज आला नाही. टिचकीचा तर नाहीच.

भांडं खाली ठेवून त्या दाराशी गेल्या. दार सताड उघडं होतं. नवा शर्ट पलंगावर पसरून ठेवलेला होता, दोन्ही बाह्या सारख्या पसरलेल्या. पेंटर भिंतीकडे तोंड करून उभे होते. चांगला हात त्यांनी अंगापासून थोडा दूर धरला होता, शर्ट घालून घेणाऱ्या माणसासारखा.

"ये," ते भिंतीला म्हणाले. "उशीर होतोय."

काकूंनी शर्ट उचलला. आधी दुखरा हात. मुंढा अरुंद होता, कोपर अडलं, पेंटरांनी ओठ मिटले. मग पाठीमागून ओढून दुसरा हात. मग बटणं. काकूंच्या अंगठ्यात दाबायचा जोर नव्हता, म्हणून त्या दोन्ही हातांची बोटं जुळवून एकेक दाबत गेल्या. टिक. पुन्हा टिक. मोजायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजली. सातव्या बटणापर्यंत पेंटर तसेच उभे राहिले.